प्रवचनातले अश्रू : हळवेपणा, गहिवर आणि कळवळा

प्रवचन देणाऱ्याचा आवाज मध्येच भरून आला की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. काही जण म्हणतात, आज फादर अगदी मनापासून बोलले. काही जण म्हणतात, वेदीसमोर एवढं भावनिक व्हायची काय गरज होती? मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात हा वाद पाच-दहा मिनिटं चालतो आणि मग सगळे आपापल्या घरी जातात. तोच वाद या लेखात जरा नीट, साहित्याच्या विद्यार्थ्यांसारखा मांडून बघू. प्रवचनात भावनेला जागा किती? आणि बोलणाऱ्यानं स्वतःचं दुःख, स्वतःचा दुबळेपणा श्रोत्यांपुढे उघडा करावा का?

भोपाळमध्ये आपल्याला मिस्सा बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत ऐकायला मिळते. मराठी प्रवचन कानावर क्वचितच पडतं. त्यामुळे हा विषय मराठी वाङ्मय मंडळाचा नाही, असं कुणाला वाटेल. पण ख्रिस्ती उपदेशात भावना कशी आणायची, हा प्रश्न मराठीनं चारशे वर्षांपूर्वीच हाताळला आहे, आणि त्यासाठी लागणारे शब्दही तिच्याकडे आहेत. सुरुवात त्या शब्दांपासूनच करू.

१. आधी शब्द

इंग्रजीतला ‘व्हल्नरेबिलिटी’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. त्याला मराठीत एकच नेमका शब्द सापडत नाही. पण शोधायला गेलं की तीन शब्द हाती लागतात, आणि त्या तिघांतला फरक लक्षात घेतला की अर्धा प्रश्न सुटतो.

पहिला शब्द ‘हळवेपणा’. हळव्या माणसाला लगेच लागतं, लगेच भरून येतं. हा स्वभाव आहे, यात दोष काही नाही. पण हळवेपणाचा केंद्रबिंदू ‘मी’ असतो. मला लागलं, मला वाईट वाटलं.

दुसरा शब्द ‘गहिवर’. हा दाटून येतो, कुणी आणत नाही. कीर्तन ऐकताना गहिवरून आलं असं आपण म्हणतो. गहिवर ‘केला’ असं कधी म्हणत नाही. मराठीचं व्याकरणच सांगतं की ही गोष्ट आपल्या हातातली नाही.

तिसरा शब्द ‘कळवळा’. वारकरी परंपरेनं हा शब्द आपल्या मनात घट्ट बसवला आहे. कळवळा नेहमी दुसऱ्याचा असतो. स्वतःबद्दल कळवळा वाटतो, असं कुणी म्हणत नाही. आणि ज्याला कळवळा येतो तो नुसता बसून राहत नाही, उठून काहीतरी करतो.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: प्रवचनात गहिवर आला तर येऊ द्यावा, पण त्याची वाट हळवेपणाकडे न जाता कळवळ्याकडे जायला हवी. ती तशी गेली की नाही हे ओळखायचं कसं, ते आता पाहू.

२. रसविचाराची कसोटी

आपल्याला अभ्यासक्रमात रससिद्धान्त असतो. भरतमुनींनी करुण रसाचा स्थायी भाव शोक सांगितला. पण शोक आणि करुण रस एकच नव्हेत. माझ्या घरी कुणी गेलं तर मला होतो तो शोक. रंगमंचावर तोच शोक पाहताना हजार माणसांना जो अनुभव येतो तो रस. या दोहोंच्या मध्ये काय घडतं याचं उत्तर भट्टनायकांनी ‘साधारणीकरण’ या कल्पनेतून दिलं आणि अभिनवगुप्तांनी त्याची पुढे चर्चा केली. दुःख एका माणसाचं राहत नाही, ‘माझं’ आणि ‘त्याचं’ ही कुंपणं गळून पडतात, तेव्हाच रस निर्माण होतो.

आता हे प्रवचनाला लावून बघा. धर्मगुरू आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलतो. श्रोता जर घरी जाताना ‘बिचाऱ्या फादरांना किती सोसावं लागलं’ एवढंच घेऊन गेला, तर साधारणीकरण झालंच नाही. दुःख बोलणाऱ्यापाशीच थांबलं. श्रोत्याला जर स्वतःच्या आईची आठवण आली, तिला आज फोन करावासा वाटला, किंवा त्या दिवसाचं शुभवर्तमान नव्यानं कळलं, तर ते दुःख सगळ्यांचं झालं.

बायबलमध्ये याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या कॅथलिक मुलांच्या रोजच्या ओळखीचं आहे. क्रूसाच्या वाटेचं आठवं स्थान. यरुशलेमच्या स्त्रिया येशूसाठी रडत असतात आणि तो त्यांना सांगतो की माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या मुलांसाठी रडा. लूकच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायात हा प्रसंग आहे. त्या क्षणी रडून घ्यायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो त्यालाच होता. तरी तो अश्रूंची दिशा बदलतो.

लाजराच्या कबरीपाशी मात्र येशू स्वतः रडतो. योहानानं ११व्या अध्यायात हे अगदी मोजक्या शब्दांत नोंदवलं आहे. गंमत अशी, की थोड्याच वेळात लाजर उठणार आहे हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे ‘शेवट गोड आहे, मग रडायचं कशाला?’ हा हिशेब त्यानं केला नाही. समोर मरिया रडते आहे, लोक रडताहेत, एवढं त्याला पुरलं. आणि रडून झाल्यावर तो कबरीकडे चालू लागतो, धोंड बाजूला करायला सांगतो. गहिवर आणि मग कळवळा, हा क्रम इथं स्पष्ट दिसतो.

संत पौलाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. करिंथच्या लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. दमास्कसमधून टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरावं लागलं, हा जरासा हास्यास्पद प्रसंगही तो लपवत नाही. पुढे तो शरीरात रुतलेल्या एका काट्याबद्दल सांगतो. तो काटा कोणता, हे मात्र शेवटपर्यंत सांगत नाही. आजार होता की आणखी काही, यावर टीकाकार आजही तर्क करत बसले आहेत. प्रवचन करणाऱ्यासाठी यात मोठं मार्गदर्शन आहे. काटा आहे हे सांगायला हरकत नाही. प्रत्येक काटा काढून दाखवण्याची गरज नाही. आणि काट्याचा तपशील न सांगितल्यामुळेच प्रत्येक वाचक तिथं आपला काटा ठेवू शकतो. साधारणीकरण म्हणतात ते हेच.

३. स्टीफन्स : शोक मरियेच्या तोंडी

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच राहिला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापून झालं, तेही रोमन लिपीत. दहा हजारांहून जास्त ओव्या असलेलं हे पुराण चर्चमधून वाचलं जाई. म्हणजे हे एका अर्थी ओवीबद्ध प्रवचनच होतं.

स्टीफन्सची स्वतःची गोष्ट भावनेला भरपूर वाव देणारी होती. घर सोडून हजारो मैल लांब आलेला माणूस, परत न गेलेला. पण पुराणात तो स्वतःचं रडगाणं गात नाही. शोक येतो तो क्रूसाजवळच्या मरियेच्या वाट्याला. मुलासाठी आक्रोश करणारी आई गोव्यातल्या आणि कोकणातल्या श्रोत्याला नवी नव्हती. ओवीही नवी नव्हती. ग्रंथातली ओवी ठाऊक नसेल त्या बाईलाही जात्यावरची ओवी ठाऊक होती. परका माणूस, परका धर्म, पण छंद आपला आणि दुःख आईचं. म्हणून ते पोचलं.

इथं एक अडचणीची गोष्टही बोलली पाहिजे. साष्टीत पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली होती. ज्या उपदेशकाच्या पाठीशी राज्यसत्ता उभी आहे, त्याचा गहिवर कितीही खरा असला तरी ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती होती? स्टीफन्सच्या मराठीवरच्या प्रेमाबद्दल आपण भरभरून बोलतो आणि ते योग्यच आहे. पण उघडं होणं म्हणजे समोरचा आपल्याला नाकारू शकतो हा धोका पत्करणं. सत्ता हाती ठेवून दाखवलेला दुबळेपणा हा अर्धाच दुबळेपणा असतो. हा प्रश्न १६१६पुरता नाही. आजही मायक्रोफोन एकाच्याच हातात असतो आणि श्रोत्याला मध्ये बोलता येत नाही.

४. टिळक : कीर्तनकाराची जागा

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की परदेशी वळणाचं प्रवचन मराठी माणसाच्या कानावरून वाहून जातं. त्यांनी कीर्तन आणि अभंग जवळ केले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

कीर्तन जवळ करणं म्हणजे नुसते टाळ-मृदंग आणणं नव्हे. नारदीय कीर्तनाची रचनाच भावनेला शिस्त लावते. पूर्वरंगात नमन, मुख्य अभंग आणि त्याचं निरूपण, मध्ये नामगजर, मग उत्तररंगात आख्यान. श्रोत्याचे डोळे पाणावतात ते बहुधा आख्यानात. पण तोपर्यंत अर्थाचा पाया घातलेला असतो. आधी विचार, मग कथा, मग अश्रू. हल्ली काही प्रार्थनासभांत पहिल्या मिनिटापासून मागं कीबोर्डचे सूर हळूहळू चढत जातात आणि विचार यायच्या आधीच रुमाल बाहेर येतात. वाद्य हे दोघांकडेही आहे. फरक क्रमाचा आहे.

अभंगाकडून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याची जागा. संतांची नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येते, आणि पुष्कळदा स्वतःला लहान ठरवत येते. उपदेश करणारा स्वतःला उपदेशातून वगळत नाही. ‘तुम्ही पापी आहात’ असं बोट दाखवण्यापेक्षा ‘आपण’ म्हणणं जड असतं, कारण मग ते बोट आपल्याकडेही वळतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३च्या ‘इव्हांजेली गाउदियुम’मध्ये प्रवचनाबद्दल बरीच पानं लिहिली आहेत. वचन आधी प्रवचन करणाऱ्याच्याच काळजात शिरलं पाहिजे, हा त्यांच्या सांगण्यातला एक मुख्य मुद्दा. मराठी अभंग हे आधीपासून करत आला आहे. (जून २०२४मध्ये त्यांनी प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवा, असंही सांगितलं. हा मुद्दा आपल्यातल्या बऱ्याच जणांना जास्त आवडेल!)

टिळकांच्या कळवळ्याची किंमतही त्यांनी मोजली. १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा वेगळा मार्ग धरला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले.

५. लक्ष्मीबाई : न रडता उघडं होणं

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे काही प्रवचन नव्हे. १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं ते आत्मचरित्र आहे. पण ख्रिस्ती परंपरेत ज्याला ‘साक्ष’ म्हणतात तिचा यापेक्षा चांगला नमुना मराठीत दाखवणं अवघड आहे.

लिहिण्यासारखं दुःख तिथं भरपूर होतं. नवरा न सांगता घर सोडून जातो, पुढे त्याच्या बाप्तिस्म्याची बातमी येते, ताटातुटीची वर्षं जातात, नातेवाईक आणि समाज प्रश्न विचारत राहतो. यातल्या कुठल्याही प्रसंगावर वाचकाला ढसढसा रडवता आलं असतं. लक्ष्मीबाई काय करतात? त्या हसतात. स्वतःच्या अडाणीपणाला हसतात, वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याला हसतात, टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाला हसतात. टिळकांना त्या खलनायक करत नाहीत आणि संतही करत नाहीत. जातिभेदाचे संस्कार आपल्या मनातून एका दिवसात गेले असंही दाखवत नाहीत. हळूहळू, अडखळत कसे गेले ते सांगतात.

यातून शिकायचं ते हे, की उघडेपण म्हणजे अश्रूच असं नाही. स्वतःवर हसू शकणारा माणूस श्रोत्यांपुढे जास्त निःशस्त्र उभा असतो. रडणाऱ्याला लोक जपतात. स्वतःचा फजितवाडा सांगणाऱ्याला मात्र लोक हसतील हे त्याला माहीत असतं, आणि तरी तो सांगतो.

६. आठ वर्षांनंतरची कसोटी

रसविचार आपल्याला इथपर्यंत आणतो, पण याच्या पुढे तो थांबतो. नाटकात रसास्वाद झाला की काम झालं. प्रवचनाचं काम तिथं सुरू होतं.

संत ऑगस्टीन धर्मगुरू होण्याआधी वक्तृत्व शिकवत असे, त्यामुळे टाळ्या कशा मिळवायच्या हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. उपदेशकलेवरच्या त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्यानं एक अनुभव लिहिला आहे. उत्तर आफ्रिकेतल्या सीझरिया गावात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या शेरशेलमध्ये, एक भयंकर रूढी होती. वर्षातून ठरावीक दिवसांत गावाचे दोन गट पडत आणि सलग काही दिवस एकमेकांवर दगडफेक करत. भाऊ भावावर, बाप मुलावर. माणसं मरत. ऑगस्टीन त्याविरुद्ध बोलला. लोकांनी वाहवा केली, तेव्हा त्याला वाटलं की अजून काही साधलेलं नाही. लोक रडू लागले, तेव्हा त्याला आशा वाटली. पण त्यानं लिहून ठेवलं ते याच्याही पुढचं: त्यानंतर आठ किंवा अधिक वर्षं झाली, ती दगडफेक पुन्हा झालेली नाही.

म्हणजे टाळी ही पहिली पायरी, अश्रू ही दुसरी, आणि हातातला दगड खाली पडणं ही तिसरी. कळवळ्याची परीक्षा तिसऱ्या पायरीवर होते.

७. आपल्या गावातला प्रश्न : २ डिसेंबर १९८४

आता हे सगळं भोपाळला लावून पाहू. कारण या शहरात दुःखावर बोलणाऱ्या प्रत्येकाची इथंच परीक्षा होते.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला तो २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री. कॅलेंडर काढून पाहिलं तर २ डिसेंबरला रविवार होता, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. कॅथलिक वाचनचक्रानुसार ते ‘ब’ वर्ष सुरू होत होतं, आणि त्या रविवारचं शुभवर्तमान म्हणजे मार्कच्या १३व्या अध्यायाचा शेवट. धनी घर सोडून प्रवासाला जातो, चाकरांना कामं वाटून देतो आणि दारवानाला जागं राहायला सांगतो. धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, कुणालाच माहीत नाही. सकाळी हे वाचन, आणि त्याच रात्री शहर डोळ्यांची आग आणि खोकल्यानं जागं झालं.

प्रवचन लिहिणाऱ्याच्या हाती असा योगायोग लागला तर? थोडा आवाज चढवला, थोडा थांबला, की सगळं चर्च रडेल. आणि नेमकं तिथंच सावध व्हायला हवं. ‘ते झोपले होते, तुम्ही जागे राहा’ असा अर्थ कुणी काढला, तर त्यानं मेलेल्यांचा दुसऱ्यांदा अपमान केला. रात्री झोपणं हा काही अपराध नव्हे. कारखान्याजवळच्या वस्त्यांतली कष्टकरी माणसं दिवसभर राबून झोपली होती. आणि त्यांतले बहुतेक हिंदू आणि मुसलमान होते; त्यांचं मरण हे आपल्या प्रवचनाचं दृष्टान्त म्हणून वापरायचं साहित्य नव्हे.

पण तेच वाचन कळवळ्यानं वाचलं तर वेगळं दिसतं. मार्कच्या दृष्टान्तात जागं राहण्याचा इशारा सगळ्यांना आहे, तरी नाव घेऊन काम सोपवलं आहे ते दारवानाला. मग भोपाळचा दारवान कोण होता? टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा कामात नव्हता. ज्यांना जागं राहण्याचा पगार मिळत होता, ते काय करत होते? असं विचारलं की श्रोत्याचे अश्रू प्रवचनकाराकडे किंवा नुसत्या नशिबाकडे जात नाहीत. ते न्यायाकडे वळतात. आणि मग पुढचा प्रश्न प्रत्येकाला स्वतःला विचारावा लागतो: मी कुठल्या दारावर दारवान आहे?

आपल्या पिढीसाठी आणखी एक गोष्ट. आपण ती रात्र पाहिलेली नाही. मी स्वतः त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलो. ज्यांनी ती पाहिली ते ‘आम्ही’ म्हणू शकतात. आपण ‘आम्ही सोसलं’ म्हटलं तर ते उसनं दुःख होईल. ‘मी ते पाहिलेलं नाही, मी ऐकायला आलो आहे’ असं म्हणणं हीसुद्धा निःशस्त्र होण्याची एक रीत आहे.

कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या शिल्पकार बाईंनी १९८५मध्ये घडवलेला पुतळा आहे. कडेवर मूल, मागं पदराला बिलगलेलं दुसरं मूल, आणि आईनं एका हातानं झाकलेला चेहरा. अश्रू त्यात दिसतच नाहीत. काय बोलावं, किती बोलावं आणि कुठं थांबावं, हे प्रवचनाच्या अभ्यासकानं तिथं जाऊन थोडा वेळ उभं राहून पाहावं.

८. स्वाध्याय

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न.

एक : तुम्ही अलीकडे ऐकलेलं एखादं प्रवचन, कीर्तन, मजलिस किंवा भाषण आठवा. त्यात भावना कुठे आली, विचाराच्या आधी की नंतर? ऐकून झाल्यावर तुमच्या लक्षात बोलणारा राहिला की बोललेली गोष्ट?

दोन : लूकच्या १५व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या दृष्टान्तावर पाच मिनिटांचं बोलणं तयार करा. त्यात स्वतःच्या आयुष्यातली एकच गोष्ट आणा, आणि पौलाच्या काट्यासारखा तिचा एक तपशील मुद्दाम न सांगता ठेवा. बैठकीत वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांनी ‘तुझं वाईट वाटलं’ म्हटलं की ‘मला माझ्या भावाची आठवण आली’ म्हटलं, ते टिपून ठेवा.

तीन : ‘स्मृतिचित्रे’तलं कुठलंही एक प्रकरण वाचा. लक्ष्मीबाई जिथं हसल्या आहेत तिथं रडल्या असत्या, तर त्या प्रसंगाचं काय झालं असतं, यावर एक परिच्छेद लिहा.

दुसऱ्या प्रश्नासाठी येणाऱ्यांनी घड्याळ लावून यावं. पाच मिनिटं म्हणजे पाचच.